सायकल लाखाची, पण मापाची आहे का?

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. एवढ्या लांबच्या प्रवासात सायकलीच्या वजनापेक्षा स्वाराची बैठक अधिक कसोटीला लागते. लाखभर रुपयांची 'रोड बाइक' घेणारा ग्राहक मात्र प्रथम वजनच विचारतो.

सीट, हँडल, हँडल धरणारा 'स्टेम' हे सारे पुढे बदलता येते. चौकट बदलता येत नाही. म्हणून तिचे माप आधी पाहावे. '५४' हा आकडा प्रत्येक कंपनीत सारखाच असेल असे नाही. त्याऐवजी 'स्टॅक' आणि 'रीच' ही दोन मापे मागावीत. पायडलच्या आसापासून चौकटीच्या पुढील नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि तेथवरचे आडवे अंतर म्हणजे रीच. पाठ फारशी लवचिक नसलेल्यांनी अधिक स्टॅकची चौकट निवडणे हिताचे.

सीटच्या उंचीचा अंदाज घरीच घेता येतो. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन्ही पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरावे आणि फरशीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे. या मापाला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या आसापासून सीटपर्यंतचे अंतर मिळते. ८० सेंटिमीटरला ७०.६. ही केवळ सुरुवात होय. गुडघा पुढून दुखल्यास सीट बहुधा खाली असते, मागून दुखल्यास वर. कंबर डावीउजवीकडे डोलत असेल तरीही ती वरच आहे असे समजावे.

जालन्याच्या ग्राहकाला अशा सायकलीसाठी अनेकदा सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर किंवा थेट पुणे गाठावे लागते. तेथे दुकानाभोवती एक फेरी मारून निर्णय घेऊ नये. स्वतःचे बूट घालून किमान अर्धा तास सायकल चालवावी. तळहात बधिर होणे, कोपरे ताठ राहणे ही हँडल लांब वा फार खाली असल्याची लक्षणे.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जात असला तरी त्यावर सायकलींना मज्जाव आहे. सराव इतर रस्त्यांवरच होणार. त्यामुळे २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर बसतील एवढी जागा चौकटीत असावी. सळ्यांच्या या शहरात पोलादी चौकट 'जड' म्हणून नाकारली जाण्याचा संभव आहे. परंतु क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या पातळ नळ्यांची चौकट पुष्कळांना आरामदायी वाटते. तीही चालवून पाहावी आणि जुळलेली मापे विक्रेत्याकडून लिहून घ्यावीत.