मस्तिष्कस्तंभजन्य नेत्रचलन व तोल विकार

मध्यमस्तिष्क, सेतू व लंबमज्जा हे मस्तिष्कस्तंभाचे तीन भाग होत. त्यांना इजा झाल्यास एकाची दोन दिसणे, बुबुळे आपोआप हलत राहणे (नेत्रदोल), भोवळ येणे व चालताना झोक जाणे ही लक्षणे अनेकदा एकत्र उद्भवतात. डोळे वळवणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या मस्तिष्क तंत्रिकांची केंद्रे आणि आंतरकर्णाकडून तोलाचे संदेश घेणारी केंद्रे येथेच तंतूंनी जोडलेली असतात. डोके वळताच सुमारे १० मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेला फिरतात, ते या जोडणीमुळेच. सेतू व मध्यमस्तिष्क यांना जोडणारा तंतुपट्टा एका बाजूस बिघडला, तर त्या बाजूचा डोळा नाकाकडे नीट वळत नाही. लंबमज्जेच्या पार्श्वभागाचा रक्तपुरवठा तुटल्यास आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णिलेले संलक्षण दिसते. त्यात रुग्णाचा तोल बहुधा बाधित बाजूकडे जातो. इजेची जागा अशी डोळ्यांतून कळत असल्याने अचानक आलेल्या व न थांबणाऱ्या भोवळीत केवळ प्रतिमाचित्रणावर विसंबणे योग्य नाही.

याला आधार आहे. हाल्माजी व कर्थॉइज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चाचणीत रुग्णाला समोर नजर रोखायला सांगून त्याचे डोके झटक्याने थोडे वळवतात. आंतरकर्णाची तंत्रिका सुजली असेल, तर नजर लक्ष्यावरून सरकते व झटका घेऊन परत येते. मस्तिष्कस्तंभ किंवा लहान मेंदूच्या पक्षाघातात मात्र ती बहुधा स्थिर राहते. म्हणजे अशा रुग्णात चाचणीचा निर्दोष निकाल हीच धोक्याची सूचना ठरते. नेत्रदोलाची दिशा नजरेबरोबर बदलणे आणि डोळे वरखाली विषम असणे या आणखी दोन खुणा होत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या अभ्यासात या तीन तपासण्यांनी एकही पक्षाघात निसटू दिला नाही. पहिल्या ४८ तासांतील काही एमआरआय मात्र फसवे निर्दोष निघाले.

त्या अभ्यासातील तपासनीस निष्णात होते, इतरांच्या हाती इतकी अचूकता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय प्रशिक्षण हा आहे. तपासणी सोडून देणे हा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सेतूला रक्त पुरवणारी एक धमनी बहुधा आंतरकर्णालाही रक्त देते. ती बंद पडल्यास पक्षाघात असूनही नजर सरकते. म्हणून अचानक आलेला बहिरेपणाही तपासावा लागतो. शिवाय भोवळ व नेत्रदोल चालू असतानाच या चाचण्यांना अर्थ आहे. कूस बदलताना क्षणभर येणाऱ्या भोवळीला त्या लावू नयेत. या मर्यादा पाळल्या, तर डोळ्यांची खूण धोक्याची असताना सुरुवातीचा एमआरआय निर्दोष आला म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये. त्याला देखरेखीखाली ठेवून चित्रण पुन्हा करावे.