टिकाऊपणाचा हिशेब

डिसेंबर १९२४मध्ये जिनिव्हात फिलिप्स, ओसराम अशा दिवे बनवणाऱ्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापला. दीड-दोन हजार तास जळणारा दिवा हजार तासांतच विझावा, असे त्यांनी ठरवले. जास्त टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड होई. अशा व्यवहाराला आज आपण ‘नियोजित कालबाह्यता’ म्हणतो.

जबलपुरात हिशेब उलटा होता. १९०४ सालच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९पासून जर्मन परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागले. १९६९मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि निस्सानच्या गाडीवर बेतलेली जोंगा लष्करात आली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ ही तिच्या नावाची फोड. बनवणारे सरकार, वापरणारे नि दुरुस्त करणारे त्याच सरकारचे लष्कर. गाडी लवकर मोडण्यात कोणाचाच नफा नव्हता. १९९९मध्ये उत्पादन थांबले, तरी लिलावात विकलेल्या जोंगा नागरी रस्त्यांवर धावत राहिल्या.

पण टिकाऊ म्हणजे निर्मळ नव्हे. जोंगाचे चार लिटरचे पेट्रोल इंजिन अधाशी. जुनी गाडी राखली की नवे पोलाद वाचते, धूर मात्र सुरूच राहतो. दिवेवाल्यांचा बचावही याच जातीचा होता: जास्त जगणारी तार तेवढ्याच विजेत कमी उजेड देते. त्यात तथ्य होते. पण तो हिशेब त्यांनी गिऱ्हाइकापुढे मांडला नाही, आपसात मिटवला.

वस्तू किती टिकते हे विचारण्याआधी, तिचे आयुष्य ठरवतो कोण आणि तिच्या मरणावर कमावतो कोण, हे विचारायला हवे.