आपलें चित्र आपल्या हातीं

इ. स. १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां तें त्यांनीं गुलामांस दास्यांतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें, हें महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊकच आहे. परक्या देशांतील एका पीडित समाजाच्या सुटकेंत आपल्या सुटकेची आशा पाहण्याची ही आपल्याकडील एक जुनी व ठळक खूण होय. पुढें १९७२ सालीं मुंबईंत कांहीं तरुण दलित लेखकांनीं आपल्या संघटनेस नांव दिलें, तेंहि त्याच समाजाच्या एका संघटनेवरून घेतलेलें होतें. असा हा ऋणानुबंध जुना असूनहि, सुटकेनंतर त्या समाजानें स्वतःकडे कसें पाहिलें याची चौकशी आपण फारशी केलेली नाहीं. त्यांचें संगीत आपल्या कानांवर येतें, त्यांच्या कादंबऱ्या आपल्या ग्रंथालयांत आहेत. परंतु त्यांच्यांतील नव्या नव्या चित्रपटकारांनीं गेल्या शंभर वर्षांत घेतलेल्या लहान अनुबोधपटांची ओळख आपल्याकडे थोड्यांसच आहे. त्या फितींचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या इतिहासाच्या आरंभीं एक अपमान आहे. १९१५ सालीं डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा चित्रपट निघाला. चित्रकलेच्या दृष्टीनें तो त्या काळचा मोठा पराक्रम होता. परंतु त्यांत कृष्णवर्णीयांस पशुतुल्य रंगविलें होतें, आणि त्यांतील महत्त्वाच्या कृष्णवर्णीय भूमिका गोऱ्या नटांनीं तोंडास काळें फांसून केल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या निवासस्थानीं त्याचा खेळ झाला, आणि त्याच वर्षीं ‘कू क्लक्स क्लान’ या दहशतवादी मंडळाचें पुनरुज्जीवन झालें. पडद्यावरील असत्य किती लौकर रस्त्यावर उतरतें, याचें याहून कटु उदाहरण सांपडणें कठीण. ऑस्कर मिशो यांनीं १९२० मधील ‘विदिन अवर गेट्स’ या कथापटानें त्यास उत्तर दिलें. परंतु दुसरें एक उत्तर अधिक शांतपणें दिलें जात होतें. तें म्हणजे, कथा न रचतां कॅमेरा आपल्याच गांवाकडे वळविणें.

हें शक्य झालें त्यास एक यांत्रिक कारण होतें. १९२३ सालीं कोडॅक कंपनीनें सोळा मिलिमीटर रुंदीची, सहज न पेटणारी फीत बाजारांत आणली. त्यापूर्वींची रुंद फीत महाग व ज्वालाग्राही असल्यामुळें ती वापरणें धंदेवाइकांचेंच काम होतें. आतां एखादा हौशी गृहस्थहि चित्रें घेऊं शकला. ओक्लाहोमा संस्थानांतील सॉलोमन सर जोन्स हे असे एक गृहस्थ. ते बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक व व्यापारी होते, आणि त्यांचे आईबाप गुलामगिरींत राहिलेले होते. १९२४ पासून १९२८ पर्यंत त्यांनीं आपल्या भागांतील कृष्णवर्णीयांच्या वसाहतींचीं चित्रें घेतलीं. त्यांच्या २९ फिती आज येल विद्यापीठांत सुरक्षित आहेत व त्या सर्व पाहण्यास सहा तासांच्या जवळपास लागतात. त्यांत काय आहे? प्रार्थनामंदिरांतून बाहेर पडणारी मंडळी, शाळेचीं मुलें, मिरवणुकी, दुकानदार, नदींतील बाप्तिस्मा, आणि स्वतःच्या मालकीच्या तेलविहिरींपाशीं उभे राहिलेले लोक. मधून मधून जोन्स एका फळ्यावर अक्षरें लावून स्थळकाळ नोंदवितात.

वरवर पाहणाऱ्यास यांत कांहीं विशेष दिसणार नाहीं. परंतु याच संस्थानांतील टल्सा शहरीं १९२१ च्या ३१ मे व १ जून या दोन दिवसांत गोऱ्या जमावानें ग्रीनवुड नांवाची कृष्णवर्णीयांची भरभराटलेली पेठ जाळून टाकली होती व १,२०० हून अधिक घरें भस्मसात् केलीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या चित्रांचा अर्थ पालटतो. राखेंतून उभ्या राहिलेल्या लोकांनीं रविवारचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोरून सावकाश चालत जाणें, ही साधी गोष्ट नव्हे. ‘आम्ही येथें होतों, आणि अजून आहों,’ असें तीं मुकीं चित्रें सांगतात. पुढें कित्येक दशकें त्या जळिताविषयीं शाळांच्या पुस्तकांत अवाक्षर नव्हतें. ही मुकी साक्ष मात्र कायम राहिली.

त्याच सुमारास झोरा नील हर्स्टन ही विदुषी दक्षिणेकडील खेड्यांतून हिंडत होती. तिनें न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजांत मानववंशशास्त्राचे पंडित फ्रांट्स बोआस यांच्यापाशीं अध्ययन केलें होतें. वाचकांस येथें एक योगायोग सांगावासा वाटतो. १९१६ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं कोलंबिया विद्यापीठांत हिंदुस्थानांतील जातींवर जो निबंध वाचला, तो बोआस यांचेच शिष्य गोल्डनवायझर यांच्या परिसंवादांत. अर्थात् माणसामाणसांतील उच्चनीचता निसर्गदत्त नसून समाजनिर्मित आहे असें सांगणाऱ्या ज्या विद्यापरंपरेशीं आपल्या या पंडिताचा संबंध आला, तिच्यांतच ही कन्याहि वाढली. हर्स्टनबाईंनीं मुलांचे खेळ, नाच व कामकरी लोक यांचीं चित्रें घेतलीं. तसेंच कोसोला ऊर्फ कजो लुइस या वृद्धाचीं. गुलामांच्या आयातीस १८०८ पासून बंदी असतांहि १८६० मध्यें ‘क्लोटिल्डा’ या जहाजांतून चोरून आणलेल्या शेवटच्या बंदिवानांपैकीं तो एक होता. त्याचें बालपण आफ्रिकेंत गेलें होतें. आणि त्या माणसाची हालचाल आज आपण पाहूं शकतों!

पण या कामासाठीं लागणारे पैसे एका धनाढ्य गोऱ्या बाईंनीं दिले. त्यांनीं दरमहा २०० डॉलर, मोटार व कॅमेरा पुरविला, आणि जमविलेल्या साऱ्या सामग्रीवर मालकी आपली राहील असा करार करून घेतला. डोळा हर्स्टनबाईंचा, पण त्यानें टिपलेलें दुसऱ्याचें. कजोवर त्यांनीं लिहिलेलें पुस्तक छापून निघावयास २०१८ साल उजाडलें, तेव्हां लेखिकेस मरून ५८ वर्षें झालीं होतीं. तात्पर्य, आपलें चित्र आपण काढणें एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. तें चित्र कोणाच्या पेटींत राहतें व कोणास दाखविलें जातें, हाहि प्रश्न तितकाच मोठा आहे.

हा दुसरा प्रश्न १९६८ सालीं उघडपणें पुढें आला. आदल्या वर्षींच्या शहरोशहरींच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या केर्नर आयोगानें आपल्या अहवालांत वृत्तपत्रांस व दूरचित्रवाणीस स्पष्ट दोष दिला कीं, तीं केवळ गोऱ्यांच्या दृष्टीनें जग पाहतात व दाखवितात. त्याच वर्षीं सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘ब्लॅक जर्नल’ हा मासिक कार्यक्रम सुरू झाला. जाहिरात अशी होती कीं, हा कृष्णवर्णीयांचा, कृष्णवर्णीयांसाठीं चालविलेला कार्यक्रम; परंतु मुख्य सूत्रें गोऱ्यांच्याच हातीं होतीं. तेव्हां तेथील बहुतेक कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनीं काम सोडलें, आणि अखेरीस विल्यम ग्रीव्ह्ज यांची मुख्य निर्माता म्हणून नेमणूक झाली. ग्रीव्ह्ज हे मूळचे नट. अमेरिकेंत कॅमेऱ्यामागें उभें राहण्याची संधि मिळत नाहीं असें पाहून ते १९५२ मध्यें कॅनडास गेले व तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळांत अनुबोधपटाची कला शिकून परतले. पुढें या कार्यक्रमांतून कित्येक तरुणांस पहिलें शिक्षण मिळालें. शाळा नसलेल्या लोकांस एक मासिक कार्यक्रमच शाळा झाला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

याच पिढीतील मॅडेलिन अँडरसन या बाईंचें कार्य आम्हांस विशेष वाटतें. १९६० मध्यें त्यांनीं ‘इंटिग्रेशन रिपोर्ट १’ हा वीस मिनिटांचा पट काढला. नांवांतील आंकडा पाहा: अहवालांची एक मालाच काढावयाची होती. पुढील अहवाल मात्र द्रव्याभावीं निघाले नाहींत, आणि तो ‘१’ एकटाच राहिला. दहा वर्षांनीं, १९७० मध्यें, त्यांनीं ‘आय ॲम समबडी’ हा सुमारें अर्ध्या तासाचा पट केला. साउथ कॅरोलिना संस्थानांतील चार्ल्सटन येथें रुग्णालयांत काम करणाऱ्या ४०० वर कामगारांनीं १९६९ मध्यें संप केला. त्या बहुतेक साऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या व तासाला १ डॉलर ३० सेंट एवढें त्यांचें वेतन होतें. सशस्त्र शिपायांच्या रांगेसमोरून या बाया गात जातात. पण पटाचें मर्म त्या दृश्यापेक्षां त्याच्या निवेदनांत आहे. कारण निवेदन करणारी व्यक्ति कोणी पंडित नसून संपावरील एक बाईच आहे. संपानंतर बायांना काम परत मिळालें, थोडी पगारवाढ मिळाली; त्यांच्या संघास मान्यता मात्र मिळाली नाहीं. पट हें लपवीत नाहीं. आपणहि कोणीतरी आहों, ही जी जाणीव त्यांस झाली, तीच त्याच्या लेखीं खरी कमाई आहे.

येथें कोणी अशी शंका काढील कीं, आपलें चित्र आपणच काढूं लागलें तर तें पक्षपाती होणार नाहीं काय? परक्याची नजर अधिक निर्विकार नव्हे काय? ही शंका अगदींच टाकाऊ नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास स्वकीयांच्या स्तुतीचा धोका पदोपदीं जाणवतो. परंतु परकाहि कोठल्या तरी गांवचा रहिवासी असतोच. तो आकाशांतून पाहत नाहीं. शिवाय प्रत्यक्ष पुरावा या शंकेच्या विरुद्ध आहे. कमील बिलॉप्स यांनीं जेम्स हॅच यांच्यासह १९८२ मध्यें ‘सुझॅन, सुझॅन’ हा अर्ध्या तासाचा पट केला, तो स्वतःच्या भाचीवर. सुखवस्तु, प्रतिष्ठित दिसणाऱ्या घरांत बाप बायकोमुलीस मारीत असे, मुलगी व्यसनाधीन झाली, आणि घरांतले सारे गप्प राहिले. पटांत आई व मुलगी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून तें प्रथमच बोलतात. मार्लन रिग्ज यांनीं १९८९ मध्यें ‘टंग्ज अनटाइड’ या तासाभराच्या आंतल्या पटांत समलिंगी कृष्णवर्णीय पुरुषांचें मन उघडें केलें. त्यांत गोऱ्यांच्या द्वेषाबरोबर स्वकीयांच्या उपहासाचाहि हिशेब मांडला आहे. १९९१ मध्यें कित्येक दूरचित्रवाणी केंद्रांनीं तो दाखविण्याचें नाकारलें. असें बोलणें परक्यानें केलें असतें तर ती निंदा झाली असती. घरच्यानें केलें म्हणून तें आत्मपरीक्षण झालें. स्वकीयांची स्तुति करणें सोपें. त्यांच्यापुढें खरें बोलणें हेंच अवघड, आणि तें बोलण्याचा अधिकार घरच्यासच पोंचतो.

आतां अगदीं अलीकडच्या दोन कलावतींचा उल्लेख करून हें विवेचन आटोपतें घेऊं. १९९१ च्या मार्च महिन्यांत लॉस एंजेलिस येथें लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीस, संत्र्याच्या रसाच्या एका बाटलीवरून झालेल्या तंट्यांत, दुकानदारीण बाईनें गोळी घातली. पंचांनीं त्या बाईस दोषी ठरविलें, परंतु न्यायाधीशानें तुरुंगवास दिला नाहीं. दुकानांतील पहारा-कॅमेऱ्यानें टिपलेलें तें मरण दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हां दाखविलें गेलें. जगास लताशा ठाऊक झाली ती केवळ मरतांना. सोफिया नाहली ॲलिसन यांनीं २०१९ मध्यें ‘अ लव्ह साँग फॉर लताशा’ हा १९ मिनिटांचा पट केला, आणि त्यांत ती फीत मुळींच वापरली नाहीं. लताशाची मैत्रीण व तिची एक नात्यांतील बहीण आठवणी सांगतात, आणि त्या आठवणींतून एक खेळणारी, अभ्यास करणारी, स्वप्नें पाहणारी मुलगी आपल्यासमोर उभी राहते. काय दाखवूं नये हें ठरविण्याचा अधिकारहि चित्रकाराचाच असतो, हें आम्हांस या पटानें शिकविलें.

दुसऱ्या गॅरेट ब्रॅडली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयांत १९१३ मधील एका अपुऱ्या चित्रपटाच्या फिती अनेक दशकें पडून होत्या. त्यांत बर्ट विल्यम्स हे प्रसिद्ध नट व इतर कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष हंसतांना, नाचतांना, प्रेम करतांना दिसतात. २०१४ मध्यें त्या लोकांपुढें आल्या. अमेरिकेंतील मूक कथापटांपैकीं सुमारें ७० टक्के नष्ट झाल्याचें तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पाहणींत आढळलें आहे. ब्रॅडली यांनीं २०१९ च्या ‘अमेरिका’ या अर्ध्या तासाच्या पटांत जुन्या फितींतील तुकड्यांबरोबर स्वतः घेतलेलीं बारा लहान दृश्यें गुंफलीं. जें हरवलें तें परत येणार नाहीं. पण त्याची जागा मोकळी आहे एवढें तरी पुढच्या पिढीस दिसावें, हा त्यांचा हेतु.

या सर्व पटांचें लहानपण प्रथम दारिद्र्यांतून आलें, यांत संशय नाहीं. फीत महाग, चित्रगृहांचीं दारें बंद, पैसे देणाऱ्याची मर्जी सांभाळावयाची. परंतु त्या गरजेंतून एक गुण निपजला. लहान पट साऱ्या समाजाच्या वतीनें बोलण्याचा आव आणीत नाहीं. तो एक रस्ता, एक संप, एक घर, एक मुलगी घेतो आणि तेवढ्याशीं प्रामाणिक राहतो. अशा शेंकडों प्रामाणिक तुकड्यांतून समाजाचें जें चित्र तयार होतें, तें एका भव्य असत्याला पुरून उरतें.

आपल्याकडेहि या विद्येचा आरंभ लहानच होता. १८९९ मध्यें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं मुंबईस कुस्तीचा सामना टिपला, आणि १९०१ मध्यें रँग्लर परांजपे यांचें चौपाटीवरील स्वागत. मल्लाची कुस्ती व विद्वानाचा सत्कार हे दोन्ही विषय उत्तम. परंतु ज्यांच्यासाठीं जोतीरावांनीं तें पुस्तक लिहिलें, त्यांनीं स्वतः घेतलेलें त्यांच्या रविवारचें, त्यांच्या शाळेचें, त्यांच्या मिरवणुकीचें चित्र त्या काळांतलें आपल्यापाशीं किती आहे? आतां तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांत आला आहे. तो कोणाकडे वळवावयाचा, काय दाखवावयाचें, काय झांकावयाचें, आणि घेतलेलें जपून कोठें ठेवावयाचें, एवढे प्रश्न उरले. धर्मोपदेशक जोन्स यांनीं त्यांचीं उत्तरें शंभर वर्षांपूर्वीं एका जळालेल्या शहराच्या शेजारीं उभें राहून दिलीं आहेत.