तुमचं क्लाउड स्टोरेज कोणत्या अकाउंटला जोडलंय? फोन बदलण्याआधी असं शोधा

बारावी झाली, पुण्याला ॲडमिशन मिळालं, घरच्यांनी नवीन फोन घेऊन दिला. जुना फोन एक्सचेंजला द्यायचा म्हणून रिसेट मारला. नवीन फोनमध्ये गूगल फोटोज उघडलं, तर एकही फोटो नाही. गॅदरिंगचे व्हिडिओ, आजोबांचे शेवटचे फोटो, ड्राइव्हमध्ये स्कॅन करून ठेवलेला जातीचा दाखला, काहीच दिसेना. "अरे, पण बॅकअप तर चालू होता!"

खरं आहे, बॅकअप चालूच होता. फक्त तो दुसऱ्याच जीमेलवर जात होता.

पाथर्डी असो, अकोले असो की कोपरगाव, आपल्या अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यात शिक्षणासाठी, भरतीच्या तयारीसाठी किंवा कामासाठी घर सोडताना बरेच जण फोन बदलतात, आणि नेमका तेव्हाच हा घोळ होतो. म्हणून आज आपण बघूया, कोणतं क्लाउड ॲप कोणत्या अकाउंटला जोडलंय हे कसं शोधायचं आणि ते सापडल्यावर काय करायचं.

आधी एवढं समजून घ्या

नेप्तीच्या कांदा मार्केटला माल नेला की आपण सगळ्यात आधी बघतो, पट्टी कोणाच्या नावावर झाली? शेजाऱ्याच्या टेम्पोत आपल्या गोण्या गेल्या आणि पट्टी त्याच्याच नावावर झाली, तर माल आपला असूनही पैसे त्याच्या हिशोबात दिसतात. माल हरवलेला नसतो, नाव चुकलेलं असतं.

क्लाउडचंही तसंच आहे. फोटो फोनच्या नावावर जात नाहीत, सिमच्या नावावरही जात नाहीत. ॲपमध्ये ज्या अकाउंटने लॉगिन केलंय, त्या अकाउंटच्या नावावर ते कंपनीच्या सर्व्हरवर ठेवले जातात. म्हणून "माझे फोटो कुठे गेले?" या प्रश्नाआधी "ते कोणत्या अकाउंटमध्ये गेले?" हा प्रश्न विचारायला हवा.

घोळ नेमका कुठे होतो?

१. दुकानात काढलेला जीमेल: पहिला फोन घेतला तेव्हा दुकानातल्या दादाने पटकन एक जीमेल तयार करून दिला. पासवर्ड त्याने टाकला, आपण विचारला नाही. प्ले स्टोअर चालू झालं, विषय संपला.

२. शाळा-कॉलेजचा आयडी: ऑनलाइन क्लाससाठी मिळालेला आयडी फोनमध्ये तसाच राहिला. ज्या आयडीच्या शेवटी जीमेल डॉट कॉमऐवजी संस्थेचं नाव असतं, तो संस्थेच्या ताब्यात असतो. कॉलेज सोडल्यावर संस्था तो बंद करू शकते.

३. घरातला एकच फोन: फोन वडिलांचा, त्यात दादाचाही जीमेल, नंतर आपलाही. बॅकअप मात्र पहिल्याच अकाउंटवर चालू.

४. पटकन लॉगिन: एखाद्या ॲपमध्ये "गूगलने साइन इन करा" हे बटण दाबलं. पासवर्ड टाकावाच लागला नाही, त्यामुळे कोणतं अकाउंट निवडलं तेही लक्षात राहिलं नाही.

पायरी १: फोनमध्ये किती अकाउंट आहेत ते बघा

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडा आणि वरच्या सर्च बॉक्समध्ये "अकाउंट" शोधा. फोन इंग्रजीत असेल तर तोच शब्द इंग्रजीत टाका. कंपनीनुसार या पर्यायाचं नाव थोडं वेगळं असतं, पण आत फोनमध्ये जोडलेल्या सगळ्या अकाउंटची यादी दिसते. प्रत्येक ईमेल पूर्ण वाचा आणि वहीत लिहून घ्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रोफाइलचं नाव किंवा फोटो बघून ठरवू नका. दोन्ही अकाउंटला तुमचंच नाव असू शकतं. फरक ईमेलमध्ये असतो, कधी कधी फक्त एका आकड्याचा.

पायरी २: प्रत्येक ॲप उघडून बघा

गूगल फोटोज: ॲप उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल प्रोफाइल चित्रावर टॅप करा. नावाखाली जो ईमेल दिसतो, ते सध्याचं अकाउंट. तिथेच बॅकअप चालू आहे की बंद तेही कळतं. यादीत दुसरं अकाउंट असेल तर त्यावर जाऊन जुने फोटो दिसतात का ते बघा.

गूगल ड्राइव्ह: इथेही प्रोफाइल चित्रावर टॅप करा. एखादी फाइल सापडत नसेल तर प्रत्येक अकाउंटवर जाऊन सर्च करा. दुसऱ्याने शेअर केलेली फाइल तुम्हाला दिसत असली तरी तिचा मालक तोच असतो. त्याने ती डिलीट केली तर तुमच्याकडूनही जाते. त्यामुळे फाइलच्या तपशिलात मालक कोण आहे ते बघा.

व्हॉट्सॲप: अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप. खाली गूगल अकाउंट दिलेलं असतं. नवीन फोनमध्ये जुन्या चॅट परत आणायच्या असतील तर तोच मोबाईल नंबर आणि तेच गूगल अकाउंट, दोन्ही लागतात. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा की सुद्धा लागते.

आयफोन: सेटिंग्ज उघडल्यावर सगळ्यात वर तुमचं नाव असतं. त्यावर टॅप केलं की ॲपल अकाउंटचा ईमेल किंवा नंबर दिसतो. आयक्लाउड त्यालाच जोडलेलं असतं. आयफोनमध्ये गूगल फोटोज पण टाकलं असेल, तर त्याचं अकाउंट वेगळं. दोन्ही तपासा.

वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स: प्रोफाइल चित्र किंवा ॲपच्या सेटिंग्जमधला अकाउंट पर्याय उघडा. तिथे ईमेल दिसतो.

डिजिलॉकर: इथे ईमेलपेक्षा मोबाईल नंबर आणि आधार महत्त्वाचं. प्रोफाइलमध्ये जाऊन कोणता नंबर जोडलाय ते बघा. जुनं सिम बंद पडलं असेल तर ओटीपी त्याच नंबरवर जात राहील. डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झालं आणि त्यात सरकारी विभागांनी, बोर्डाने दिलेली कागदपत्रं कायद्याने मूळ कागदपत्रांसारखीच मानली जातात. ॲडमिशनच्या राऊंडमध्ये ऐनवेळी लॉगिन झालं नाही तर धावपळ होते, म्हणून नंबर आधीच तपासा.

पायरी ३: पक्की खात्री अशी करा

मित्रांनो, ॲपमध्ये फोटो दिसला म्हणजे तो क्लाउडमध्ये आहे असं समजू नका. गूगल फोटोज फोनच्या मेमरीतले फोटोही दाखवतं. त्यामुळे अकाउंट बदललं तरी तेच फोटो दिसतात आणि आपली फसगत होते.

यावर सोपा उपाय आहे. दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा. फोटोज डॉट गूगल डॉट कॉम या पत्त्यावर जा आणि त्या अकाउंटने लॉगिन करा. इथे जे दिसेल, तेच खरं क्लाउडमध्ये आहे. जुना, मधला आणि कालचा असा एक एक फोटो शोधून बघा. तिन्ही दिसले तर बॅकअप ठीक चाललाय. काम झालं की लॉगआउट करायला विसरू नका, सायबर कॅफेत असाल तर नक्कीच.

यात एक फायदा असा की पासवर्ड तुम्हाला खरंच माहीत आहे का, हेही लगेच कळतं. फोनमध्ये आपण कायम लॉगिन असतो, त्यामुळे पासवर्ड विसरलोय हे नवीन फोन हातात आल्यावरच लक्षात येतं.

ईमेलच आठवत नसेल तर?

- जुना फोन चालू असेल तर त्याला अजिबात रिसेट करू नका. वरच्या पायऱ्यांनी ईमेल तिथेच सापडेल.
- जीमेलमध्ये शोधा. तुमच्या प्रत्येक इनबॉक्समध्ये ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह अशी नावं सर्च करा. अकाउंट उघडल्यावर आलेला स्वागताचा किंवा "स्टोरेज भरत आलंय" असा मेल ज्या इनबॉक्समध्ये सापडेल, अकाउंट बहुतेक त्याच ईमेलवर आहे.
- गूगल पासवर्ड मॅनेजर बघा. सेव्ह केलेल्या पासवर्डसोबत कोणत्या ॲपला कोणता ईमेल वापरला ते तिथे असतं.
- जोडलेली ॲप्स बघा. गूगल अकाउंटच्या सुरक्षा विभागात, "गूगलने साइन इन करा" वापरून उघडलेल्या ॲप्सची यादी मिळते.
- लॉगिन पानावर "ईमेल विसरलात?" निवडा. रिकव्हरीचा मोबाईल नंबर किंवा ईमेल आणि अकाउंटवरचं नाव टाकलं की गूगल अकाउंट शोधून देतं. दुकानात अकाउंट काढलं असेल तर नावाचं स्पेलिंग वेगळं असू शकतं, तेही करून बघा.

एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटवर "कस्टमर केअर" म्हणून सापडलेल्या नंबरवर फोन करून ओटीपी सांगू नका, स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकू नका. पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

अकाउंट सापडलं, आता काय?

अकाउंट तुमचंच असेल तर: पासवर्ड बदला, रिकव्हरीला सध्या चालू असलेला नंबर टाका, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. जुना बंद पडलेला नंबर लगेच काढा, कारण कंपनी तो नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते.

दुकानात काढलेलं असेल तर: वरचं सगळं कराच, शिवाय रिकव्हरी ईमेल कोणाचा आहे ते बघा आणि "तुमची डिव्हाइस" या यादीतून अनोळखी फोन साइन आउट करा. रिकव्हरीला दुसऱ्याचा ईमेल राहिला तर अकाउंटची एक चावी त्याच्याकडेच राहते.

कॉलेजचं किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाचं असेल तर: आपला डेटा आपल्या अकाउंटमध्ये हलवा. गूगल टेकआऊट वापरून सगळे फोटो आणि फाइल्स डाउनलोड करता येतात. कॉलेज संपायच्या आधीच हे उरका.

लोक नेहमी विचारतात

एका फोनमध्ये दोन जीमेल असतील तर बॅकअप दोन्हीकडे जातो का?
नाही. गूगल फोटोजमध्ये बॅकअपसाठी एका वेळी एकच अकाउंट निवडलेलं असतं.

स्टोरेज भरलं म्हणून दुसरं अकाउंट काढू का?
गूगल १५ जीबी फुकट देतं आणि ते फोटोज, ड्राइव्ह, जीमेल मिळून असतं. आयक्लाउड ५ जीबी देतं. नवीन अकाउंट काढू शकता, पण मग कोणत्या वर्षाचे फोटो कुठे आहेत ते लिहून ठेवा. नाहीतर हाच घोळ परत होणार.

जुनं अकाउंट तसंच पडू दिलं तर?
गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट आतल्या डेटासकट डिलीट केलं जाऊ शकतं. अधूनमधून लॉगिन करत राहा.

"फ्री अप स्पेस" दाबू का?
पायरी ३ झाल्यावरच. हे बटण बॅकअप झालेले फोटो फोनमधून काढतं. बॅकअप कोणाच्या अकाउंटवर आहे हे माहीत नसताना दाबलं तर फोटो तुमच्या हातातून जातात.

चुकून फोटो डिलीट झाला तर?
बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. पण बघायचं त्याच अकाउंटच्या ट्रॅशमध्ये.

रिसेट केलेला फोन जुना जीमेल का मागतो?
चोरीचा फोन वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे. म्हणून फोन विकण्याआधी डेटाची खात्री करा, अकाउंट सेटिंग्जमधून काढा आणि मगच रिसेट करा.

शेवटी एक काम

आज संध्याकाळी दहा मिनिटं काढा. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा: ॲप, कोणतं अकाउंट, रिकव्हरी नंबर. पासवर्ड मात्र त्या पानावर लिहू नका. आपलं झालं की आई-वडिलांचा फोन घ्या. त्यांच्या फोनमधला जीमेल बहुतेक वेळा त्यांनी स्वतः काढलेलाच नसतो, आणि घरातले सगळ्यात जुने फोटो मात्र त्यांच्याकडेच असतात.

तुमच्या मित्रांपैकी कोणी या महिन्यात फोन बदलणार असेल, तर त्याने रिसेट मारायच्या आधी हा लेख त्याला नक्की पाठवा.