पवनीच्या टेकडीवरचा वर्ग

भंडारा जिल्ह्यातल्या, वैनगंगेकाठच्या पवनीला जुना मातीचा तट आहे, खंदक आहे आणि गावाजवळ जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून ही टेकडी खणली. तिच्या पोटातून विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. कठड्याच्या दगडी खांबांवर दानशूरांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली होती आणि एका शिल्पावर नागराज मुचलिंदाचे नाव होते. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी लिहिलेला उत्खननाचा अहवाल १९७२ मध्ये विद्यापीठानेच छापला.

पवनीचे हे काम पुरातत्त्वाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. भंडारा जिल्ह्यातल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासातही त्याला मानाची जागा द्यायला हवी, कारण इथे विद्यापीठ स्वतः जिल्ह्याच्या मातीत उतरले होते.

उच्च शिक्षणाचा त्याआधीचा प्रवास परीक्षेभोवती फिरत होता. नागपुरात १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झाले. पदवी मात्र आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाची. कलकत्ता विद्यापीठाची १८५७ मधली घडण लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर झाली होती: शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. विद्यार्थी काय शिकला हे ठरवणारी माणसे शेकडो मैलांवर बसलेली असत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सहा कॉलेजे, ९२७ विद्यार्थी आणि पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. अंतर कमी झाले, तरी संलग्न कॉलेजे आणि वार्षिक परीक्षा हा साचा टिकला.

भंडाऱ्याच्या मुलाला कॉलेजसाठी नागपूर गाठावे लागे. हे चित्र बदलण्यात मनोहरभाई पटेलांचा वाटा मोठा आहे. स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेम झालेल्या या माणसाने १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभारली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. कॉलेजे घराजवळ आली. वर्गात मात्र बहुतेक वेळ प्राध्यापकांनी नोट्स सांगायच्या आणि मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या, हेच चालू राहिले.

उत्खननाच्या जागी असे शिकता येत नाही. दोऱ्या ताणून चौकोन आखायचे, दोन चौकोनांमध्ये मातीची भिंत राखायची आणि त्या भिंतीवर रंग-पोतावरून थर ओळखायचे. खापरे धुवायची, कुठल्या थरात काय सापडले ते जागच्या जागी लिहायचे. नोंद चुकली तर खणलेला थर पुन्हा उभा करता येत नाही. म्हणूनच नवख्या विद्यार्थ्याच्या निरीक्षणालाही तिथे किंमत असते. शां. भा. देवांनी हे शिस्तबद्ध काम पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांच्या सोबतीने नेवाशाला केले होते. नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने पवनार, टाकळघाट-खापा, माहुरझरी अशा विदर्भातल्या जागांवर ते पुढे चालू ठेवले.

दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायचा प्रश्न पुढे दुसऱ्या बाजूने हाताळला जाऊ लागला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. पण पडद्याला प्रश्न विचारता येत नव्हता. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. इथली पुस्तके एकट्याने शिकणाऱ्यासाठी रचलेली होती: थोडा मजकूर, लगेच स्वयंअध्ययनाचे प्रश्न आणि जोडीला अभ्यासकेंद्रावरची संपर्कसत्रे. नोकरी करणारा, संसार सांभाळणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून झालेली ही मांडणी होती. आजच्या ऑनलाइन शिक्षणाला तिच्याकडून बरेच घेता येईल.

२०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले आणि २०२०च्या टाळेबंदीत सगळेच वर्ग मोबाइलवर गेले. ध्वनिमुद्रित व्याख्यान कुठेही पोहोचते, पण ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी फार थोडे ते पूर्ण करतात, हा अनुभव जगभरचा आहे. पाहत राहण्यापलीकडे काही काम दिले नाही, तर विद्यार्थी निसटतो.

असे काम द्यायची वाट आता खुली आहे: नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळतात. भंडाऱ्यात त्यासाठी विषय शोधत फिरावे लागणार नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी मोजता येतील, आंधळगावच्या कोसा विणकरांचे हिशेब समजून घेता येतील, गोसेखुर्द धरणामुळे उठलेल्या गावांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करता येतील. लाखांदूरच्या मुलीने केलेल्या नोंदी तुमसरच्या मुलाने ऑनलाइन तपासाव्यात आणि दोघांच्या कामावर नागपूरच्या प्राध्यापकांनी शेरे लिहावेत. यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. विद्यार्थ्याच्या हाती खरे काम सोपवायची आणि त्याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरी घ्यायची तयारी मात्र लागते.