झडपांचा चष्मा

परवा माळा आवरताना एका खोक्यात वायर गुंडाळलेला काळा चष्मा सापडला. मुलाने २००१ साली कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाबरोबर आणलेला. जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे वस्तू हातात आली की तिची वंशावळ शोधल्याशिवाय मला राहवत नाही.

मूळपुरुष चार्ल्स व्हीटस्टोन. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्या फरकावरून खोली ताडतो, हे त्याने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. पण एकाच पडद्यावरची दोन चित्रं दोन डोळ्यांना वेगवेगळी कशी दाखवायची? लॉरेन्स हॅमंडने १९२२ साली न्यूयॉर्कच्या सेल्विन थिएटरात प्रत्येक खुर्चीला फिरती झडप असलेलं यंत्र बसवलं. पडद्यावर डाव्या डोळ्याचं चित्र आलं की उजवा डोळा झाकायचा, आणि उलट. एवढ्या खुर्च्यांना यंत्रं बसवणं कोणाला परवडणार? तो खेळ तिथेच संपला. हॅमंड पुढे गाजला तो ऑर्गनमुळे! ('छोटा चेतन'ला मिळायचा तो चष्मा वेगळा. त्यात झडप नव्हती, काच प्रकाश गाळून घ्यायची.)

झडप घरात आली ती द्रवस्फटिकामुळे. वीज दिली की काच काळी, काढली की पारदर्शक. सेगा कंपनीने १९८७ मध्ये टीव्हीवरच्या खेळांसाठी असा चष्मा काढला. टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला ३०. त्यामुळे फार लुकलुकायचं. कॉम्प्युटरचा जुना, पोटवाला मॉनिटर मात्र १०० ते १२० चित्रं काढू शकायचा, आणि त्यावरचं चित्र उमटलं की लगेच विझायचंही. या विझण्यावरच चष्म्याचं सगळं गणित होतं.

मुलाने तो लावून दिला तेव्हा घरातले सगळे पडद्यातून बाहेर आलेला चेंडू धरायला हात पुढे करत होते. मला नुसती लुकलुक दिसली. "आई, नीट बघ ना!" मी नीटच बघत होते. मग गंमत म्हणून डावा डोळा मिटला, तर काहीच बदललं नाही. चष्मा काढूनही तेच. डॉक्टरांनी सांगितलं, हा डोळा लहानपणापासून आळशी आहे, तेव्हा चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली असती तर कदाचित सुधारला असता. सुईत दोरा ओवता येत नाही, चहा कपाबाहेर ओतते म्हणून माहेरी मला सगळे वेंधळी म्हणत. मीही तेच धरून चालले होते. पन्नाशीत हे कळलं, तेही खेळण्याच्या चष्म्यामुळे. त्या रात्री मला झोप लागली नाही. राग कोणावर काढायचा? आईला तरी काय ठाऊक होतं!

असो. पुढे घरी सपाट पडदा आला. त्यावरचं चित्र विझत नाही, पुढचं येईपर्यंत तसंच राहतं, त्यामुळे डाव्याचं उजव्यात मिसळू लागलं. चष्मा माळ्यावर गेला. २००९ मध्ये एनव्हिडियाने सेकंदाला १२० चित्रं दाखवणाऱ्या सपाट पडद्यांसाठी बिनवायरचा चष्मा आणला आणि २०१९ मध्ये तोही बंद केला. लोक कंटाळले होते म्हणे.

मी आमचा चष्मा पुसून शिवणाच्या डब्यात ठेवला आहे. सुया तिथेच असतात.