पंचेचाळीस अंशांचा इतिहास: मायटर करवत निवडण्यापूर्वी

१/ घरी सुतारकाम आरंभणारा तरुण आज पहिला प्रश्न विचारतो : मायटर सॉ कोणती घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/ चित्राच्या चौकटीला चार कोपरे आणि आठ तिरके काप असतात. प्रत्येक काप ४५ ऐवजी ४४.५ अंशांचा झाला, तर चार कोपऱ्यांची बेरीज ३६० ऐवजी ३५६ अंश भरते. पहिले तीन कोपरे जुळतात. चौथ्यात ४ अंशांची फट उघडी पडते. सारा इतिहास या फटीशी चाललेल्या झगड्याचा आहे.

३/ १६७८ पासून लंडनच्या जोसेफ मॉक्सनने ‘मेकॅनिक एक्झरसाइझेस’ हा ग्रंथ हप्त्याहप्त्याने छापला. त्या काळचा जणू धागाच! मॉक्सन मुद्रक होता, नकाशे व पृथ्वीगोलही बनवी. त्याने सुतारकामाच्या हत्यारांत मायटर बॉक्सचीही नोंद केली.

४/ ही पेटी म्हणजे दोन उभ्या फळ्या आणि त्यांत तिरक्या खाचा. करवत खाचेतून चालते, म्हणून कोन हाताच्या कौशल्यावर नव्हे, तर पेटीच्या अचूकतेवर ठरतो. उणीव एवढीच, की वापराने खाच झिजते आणि कोन ढळतो.

५/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये ‘लँगडन’ नावाच्या धातूच्या पेट्या बनू लागल्या. आता करवतीचा मार्गदर्शक फिरवून हवा तो कोन बांधता येऊ लागला.

६/ गोल पात्याची कथा निराळी. साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरच्या १७७७ च्या पेटंटात त्याचा उल्लेख सापडतो. १९२२ मध्ये रेमंड डिवॉल्टने असे पाते विजेच्या मोटारीसह आडव्या बाहूला टांगले. बाहू फिरवला की काप तिरका.

७/ १९६४ मध्ये रॉकवेल कंपनीने मोटार आणि मायटर बॉक्स एकत्र आणले. पाते वरून खाली येते, लाकूड जागच्या जागी राहते. पुढे पाते कलू लागले, मग रुळावर सरकूही लागले.

८/ आता निवड. चौकटी आणि पट्ट्या एवढेच काम असेल, तर हाताची पेटी पुरते. नियमित कामास १० इंची पात्याचे साधे यंत्र योग्य. रुंद फळ्या आडव्या कापायच्या असतील, तरच सरकत्या यंत्राचा खर्च करावा. स्वच्छ कापासाठी ६० ते ८० दातांचे पाते घ्यावे.

९/ यंत्रावरील आकड्यांवर विसंबू नये. रद्दी लाकडावर काप घेऊन गुनियाने तपासावा. मॉक्सनच्या काळी खाच झिजत असे. आज वाहतुकीच्या धक्क्याने कुंपण हलते. ढळलेला कोन दोन्हीकडे सारखाच.

१०/ एक गोष्ट मात्र पालटली. हाताची करवत चुकली तर लाकूड वाया जाते. यंत्र चुकले तर बोट. म्हणून लाकूड शिकंजात आवळावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि पाते पूर्ण थांबल्याखेरीज वर उचलू नये.

११/ हत्यार निवडताना आधी आपला चौथा कोपरा आठवावा. तो मिटवण्यास जेवढे यंत्र लागते, तेवढेच घ्यावे. (समाप्त)